थोडं आणखी बहिरं

४ जानेवारी, सोमवार

इथे शूटिंगला मला बसायला जे दिलंय त्याला पाठ नाही. नायिकेच्या आईला पाठीची खुर्ची, वर उशी. आणि मी, या अख्ख्या इमारतीतली सगळ्यात म्हातारी बाई, स्टुलावर. कोपऱ्यात एक चांगली खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसायला गेले तर चौघं धावत आले. "आजी, ती सीनमधली आहे, तिला हलवायचं नाही." खुर्चीला मान आहे, मला नाही.

असो. नमस्कार, वहीबाई. तुला माझ्या नातीनं आणलं. म्हणाली, "तिथे काम चालू असताना बोलायचं नसतं, आजी. तुला ते जमणार नाही. मनात येईल ते ह्यात लिही." माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आलं तर नाक मुरडू नकोस, मुकाट्यानं पुढे चल.

नात चौदा वर्षांची. शाळेच्या दाखल्यावर नाव मोठं आहे, घरात भिंगरी, कारण लहानपणी एका जागी ठरत नव्हती. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांमागे मशीन आहे, शेंगदाण्याएवढं. वर केस घेतले की कुणाच्या बापाला कळत नाही, आणि रोज सकाळी ते केस घ्यायचं काम माझं. बोलणं कळतं तिचं, नीट कळतं. फक्त आवाज वरखाली न होता एका रेषेत जातो आणि 'स' जरा घसरतो. घरात तोंडाचा पट्टा चालू असतो. शाळेत मात्र दातखीळ. पोरं नक्कल करतात. नववीत गेली, पण वर्गात उभं राहून चार ओळी मोठ्यानं वाचलेल्या नाहीत.

आणि ही निघाली टीव्हीवर! शाळेतल्या पोरापोरींची मालिका आहे. त्यात एक कमी ऐकू येणारी मैत्रीण हवी होती, आणि खरीच हवी म्हणून ते लोक शाळाशाळांतून फिरले. ही आम्हाला न सांगता गेली, बोलून दाखवलं, निवडून आली. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं जे झाकलं ते आता घरोघरी दाखवणार?"

"एकदा सगळ्यांसमोर माझ्या आवाजात बोलायचंय, आजी. मग हसायचं त्यांनी खुशाल हसावं."

एवढंच हवंय तिला. ना पैसा, ना फोटो.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून दवाखान्यात कामाला. लहान मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवंच असा इथला नियम. म्हणून मी. त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे 'पालक' लिहिलंय. हुद्दा मोठा, आसन स्टुलाचं.

५ जानेवारी, मंगळवार

सामान-सजावट बघणाऱ्या माणसानं भिंगरीचं मशीन काल पाहिलं आणि तोंड वाकडं केलं होतं. "हे तर दिसतच नाही हो. लोकांना कळणार कसं?" आज त्यानं स्वतः बनवून आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला काळी वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण. डबी आतून रिकामी. मी वाजवून बघितली.

म्हणजे खरं मशीन केसाखाली आणि खोटं केसांवर. भिंगरीनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आजी, मी आता रेडिओ झाले."

इथली माणसं फार पुटपुटतात. शिकलेली, चांगल्या कपड्यातली माणसं, पण तोंड उघडायला कंजूष. निदान तोंडाकडे बघितलं की समजतं तरी. पोरांच्या चेहऱ्याला रंग लावणारा तर तोंडाला फडकं बांधूनच बोलतो, त्याचं एक अक्षर कळत नाही. घरी काही शिकवलेलं नसावं.

७ जानेवारी, गुरुवार

दिग्दर्शक म्हणजे सगळ्यांचा मालक. त्याला मी टोपीवाला म्हणते, कारण छताखालीही टोपी काढत नाही. माणूस वाईट नाही. चहा पाठवतो.

आज त्यानं माझ्या नातीला बहिरं कसं व्हायचं ते शिकवलं.

प्रसंग असा की नायिका हाक मारते आणि हिला पहिल्यांदा ऐकू येत नाही. भिंगरीनं केलं तसं केलं, म्हणजे ती नेहमी करते तसंच. हाकेला वळलीच नाही, मग समोरच्या पोरीचे डोळे बघून वळली. टोपीवाला म्हणाला, "छान. पण बाळा, थोडं आणखी बहिरं."

"म्हणजे कसं, काका?"

त्यानं स्वतः करून दाखवलं. हाताचा द्रोण कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या, तोंड उघडं टाकलं आणि "आँ? आँ?" केलं.

"मी असं करत नाही," भिंगरी म्हणाली.

"तू करत नसशील. पण बहिरी मुलगी करते."

मला हसू आलं. पाटी वाजवणारी एक पोरगी आहे, कॉलेज नुकतंच संपलेली, तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. भिंगरीनं सात-आठ वेळा "आँ?" केलं. शेवटचं त्याला पसंत पडलं. घरी येताना रस्त्यात मी काही विचारलं की ती हाताचा द्रोण करून "आँ?" म्हणायची. आम्ही बसमध्ये इतक्या हसलो की कंडक्टरनं वळून पाहिलं. त्यानंही आम्हाला काहीतरी पुटपुटून विचारलं. मी म्हटलं, "आँ?"

११ जानेवारी, सोमवार

निर्मातीणबाईंनी आज मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मालिका त्यांची आहे. टोपीवाल्याचा मालक म्हणजे त्या. गार खोली, गुबगुबीत सोफा, पाठ असलेला. भिंगरीही माझ्या शेजारी बसली होती, पण बाई सगळं माझ्याशीच बोलत होत्या. माणूस भाजी घेताना भाजीवाल्याशी बोलतो, भाजीशी नाही, तसं.

म्हणणं असं की मुलीचा चेहरा उत्तम आहे, डोळे बोलके आहेत. पण आवाज दुसऱ्या मुलीचा भरणार. चॅनेलच्या लोकांनी बघितलं, त्यांना पटला नाही.

मी विचारलं, "काय खोट आहे?"

"खोट नाही हो आजी. आवाज गोड आहे. पण लोकांच्या मनात जो असतो ना, तसा नाही. खरा वाटत नाही."

त्यांनी एक मुलगी दाखवली. कार्टूनमधल्या सशाचा आणि चिमणीचा आवाज तीच काढते म्हणे. तिनं माझ्यासमोर बहिऱ्या मुलीचा आवाज काढला. नाकातून, रडका. बाई म्हणाल्या, "बघा, कसं काळजाला हात घालतं!" माझ्या काळजाला काही झालं नाही, पण मी काय त्यातली जाणकार नाही.

"पालक म्हणून तुमची हरकत नाही ना?"

मी म्हटलं, नाही. खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं. चेहरा दिसेल, आवाजाला कुणी हसणार नाही. यात तोटा काय? पोरीला सगळं फुकट मिळालं, असंच वाटलं मला.

भिंगरी शेजारीच होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

१२ जानेवारी, मंगळवार

सकाळी केस पुढे घ्यायला गेले तर हात झटकला. डबा तसाच परत आणला. सून विचारते, "आई, काही झालंय का तिकडे?" मी म्हटलं, काही नाही, वयच तसं आहे.

१३ जानेवारी, बुधवार

आजही मूग गिळून बसली आहे. मला सवय नाही या शांततेची. घरात आधीच सगळे हळू बोलतात.

तिच्या बापानं जेवताना समजूत काढली. "अगं, टीव्हीवर दिसतेस हे काय थोडं आहे? आवाज कुणाचा का असेना." तिनं ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या लग्नाच्या फोटोत दुसऱ्याचं डोकं लावलं तर चालेल?" सून म्हणाली, "मला चालेल." हशा झाला, पण भिंगरी हसली नाही.

मग मीही जरा विचार केला. मी हो म्हटलं ते घाईत म्हटलं की काय. पण एकदा दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा, आणि ती बाई माझ्यापेक्षा जास्त जाणत असणार.

१५ जानेवारी, शुक्रवार

पोरगी एकदम खुशीत! काय जादू झाली कुणास ठाऊक. सकाळपासून गुणगुणत होती.

आज तिचा सगळ्यात मोठा प्रसंग होता. नायिका तिला नवीन मशीन आणून देते, ही आयुष्यात पहिल्यांदा जगाचा आवाज ऐकते आणि रडत रडत आभार मानते. नवीन मशीन जुन्याहून मोठं निघालं. त्याला लाल दिवा आहे, लुकलुकतो. नायिकेचं काम आधी उरकून तिला सोडून दिलं. तिच्या जागी एक काठी उभी केली, काठीला चिकटपट्टी. त्या पट्टीकडे बघून भिंगरीनं रडायचं. खुळ्यांचा बाजार आहे, पण सगळे गंभीर चेहऱ्यानं करतात.

आवाज नंतर भरायचा असल्यामुळे कानावर वाट्या लावून बसणाऱ्या माणसाला सुट्टी दिली. शेजारी उद्याच्या वर्गाची भिंत उभी करत होते, खिळे ठोकत होते. एरवी टाचणी पडली तरी टोपीवाला ओरडतो. आज म्हणाला, ठोका, ठोका. तो स्वतः पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसला. माझं स्टूल भिंगरीच्या पाठीमागे. मला तिची वेणी दिसत होती. बोललेलं काही ऐकू आलं नाही. ती अलीकडे फार हळू बोलते.

पण काम फार सुंदर केलं असणार. कारण पाटीवाली पोरगी समोरच उभी होती, ती पाटीमागे तोंड लपवून रडत होती. खांदे नुसते गदगद हलत होते. टोपीवाला बाहेर येऊन म्हणाला, "वा बाळा! काय डोळे! एकदाच पुरे."

निघताना दोघी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मलाही भरून आलं, पण मी दाखवलं नाही. सवय लागते लोकांना.

२० जानेवारी, बुधवार

भिंगरीचं काम आज नव्हतं, पण निर्मातीणबाईंना एका कागदावर माझी सही हवी होती म्हणून दोघी गेलो. आवाज भरण्याच्या खोलीबाहेर बसवलं. काचेतून आतलं दिसतं. सशाचा आवाज काढणारी ती मुलगी वैतागलेली होती. बाहेर येऊन टोपीवाल्याला म्हणाली, "सर, ओठ जुळतच नाहीत. मी 'पाखरं' म्हणते तेव्हा तिचं तोंड बंद असतं."

टोपीवाला म्हणाला, "तिचे ओठच तसे हलतात गं. ऐकू येत नाही ना तिला, त्यामुळे. तू आपली पुढे जा."

निर्मातीणबाईही म्हणाल्या, "हो, अशा मुलांचं तसंच असतं."

भिंगरी माझ्या शेजारी बसून दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून होती. मला वाटलं पोरीला लागलं असेल ते बोलणं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती थरथरत होती. बिचारी.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज तो भाग लागला. त्याचं सगळं नीट लिहून ठेवते, कारण घरात अजून कुणी कुणाशी धड बोलत नाहीये.

आम्ही चौघं टीव्हीसमोर. मी आवाज मोठा केला, मुलानं लगेच बारीक केला. शेजारीण भिंत ठोकते म्हणे. तिच्या कानाला काहीतरी विकार आहे, जरा आवाज सहन होत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मला चेहरा बघायचाय.

भिंगरी आली. केवढी मोठी दिसली! डोळ्यांत पाणी, छातीवर डबी, डबीवर लाल दिवा. बोलायला लागली आणि मला हसू आवरेना.

मुलगा म्हणाला, "आई, अगं हसतेस काय? किती करुण आहे!"

सून डोळे पुसत म्हणाली, "आज मी पहिल्यांदा पाखरांचा आवाज ऐकला, ताई, तू मला जग दिलंस... बाई बाई, काय वाक्यं आहेत!"

"कुठली पाखरं?" मी म्हटलं. "ती काय बोलतेय ते बघा की! 'या डबीत काही नाही. दिवा पेन्सिल सेलवर लागतो. ताई केव्हाच घरी गेली, मी काठीशी बोलतेय. टोपीवाले काका मला बहिरं व्हायला शिकवतात, पण त्यांना स्वतःला चार हाका मारल्याशिवाय ऐकू जात नाही. मला माझ्या आवाजात बोलायचं होतं, पण इथे कुणी ऐकत नाही, म्हणून मी आता वाटेल ते बोलणार आहे. आणि मागे माझी आजी स्टुलावर झोपली आहे, मघाशीच बघितलं मी, आता पडेल.'"

मी झोपले नव्हते. डोळे मिटले होते. दोन्हींत फरक आहे.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलानं टीव्ही बंद केला. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती उठून माझ्या अगदी समोर येऊन बसली.

"आजी, तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तू बोललीस, मी ऐकलं."

"पण आवाज तर त्या मुलीचा होता."

"असेल. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही."

मुलानं सुनेकडे बघितलं, सुनेनं मुलाकडे. हे दोघं असं एकमेकांकडे बघतात तेव्हा मला काहीतरी सोडायला लावणार असतात, मीठ नाहीतर साखर. मग भिंगरी एकदम माझ्या गळ्यात पडून हसत सुटली. मी विचारलं, "तू असं का केलंस?" तर म्हणाली, "मला वाटलं, हे फक्त आमच्या लोकांना दिसेल."

आमचे लोक म्हणजे कोण, ते काही तिनं सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार

गावभर झालं. पाटीवालीचा फोन आला होता. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं टीव्ही बघतात तेव्हा ओठच बघतात म्हणे. त्यांच्यापैकी कुणीतरी तो तुकडा घेतला, खाली भिंगरीचे खरे शब्द लिहिले आणि फोनवर सोडला. एकाचं बघून दुसऱ्यानं. आता ज्यांना धड ऐकू येतं तेही बघून पोट धरून हसताहेत. सुनेच्या दवाखान्यातले डॉक्टर विचारत होते, आजी पडल्या का शेवटी?

माझी शोभा झाली ती झाली. पण शाळेतून भिंगरी आली ती उड्या मारतच. वर्गातली पोरं तिच्याभोवती जमली होती. नेहमी नक्कल करणारा तो दांडगट पोरगा म्हणाला, "मलाही शिकव ना, ओठ कसे वाचायचे." ही म्हणाली, "आधी तोंड धू."

मोठ्यानं म्हणाली का, ते मी विचारलं. हो म्हणाली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलावणं आलं. निर्मातीणबाईंची तीच गार खोली, पण आज सोफ्यावर बसा म्हणाल्या नाहीत. टोपीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आज टोपी हातात होती. खाली टक्कल आहे, मला वाटलंच होतं.

"का केलंस तू असं?" त्यानं भिंगरीला विचारलं. महिन्याभरात तिला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काका, कुणी ऐकत नव्हतं."

"अगं पण एवढी माणसं होती तिथे! एवढ्या जणांनी बघितलं! आवाज भरणाऱ्या मुलीनं वाक्य न् वाक्य बघितलं!"

ती मुलगीही तिथेच होती. म्हणाली, "मी सांगत होते, सर, ओठ जुळत नाहीत. तुम्ही म्हणालात, तिचे ओठच तसे."

मी मनात म्हटलं, ससा बरा बोलला.

निर्मातीणबाईंनी मला सांगितलं की तुमच्या नातीचं काम इथेच संपवतो. गोष्टीत ती मुलगी मामाकडे राहायला जाईल. परत येणार नाही.

"मामाकडे तिला ऐकू येतं का?" मी विचारलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, किंवा पुटपुटल्या असतील.

बसमध्ये भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "लोक हसले, आजी. मला हवं होतं तसं हसले. पण माझा आवाज अजून कुणी ऐकलाच नाही."

मी तिचे केस मागे घेतले, कानावरून. उकडत होतं फार.

६ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीला मशीन तपासायला कानाच्या डॉक्टरकडे जायचं होतं. हट्ट धरला की मीच सोबत यायचं. गेले. तिथे एक काचेची खोली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, आमचं एक नवीन यंत्र आलंय, ते नीट चालतंय की नाही बघायला मदत कराल? मी म्हटलं, करते. आत बसवलं, कानावर वाट्या लावल्या, घंटी वाजली की हात वर करा म्हणाल्या.

यंत्र साफ बिघडलेलं निघालं. कितीतरी वेळ घंटीच वाजली नाही. मी बाहेर येऊन सांगितलं, परत पाठवून द्या हे. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, भिंगरीशी बोलल्या, काहीतरी लिहून दिलं. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. महाग असणार.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. या वेळी माझ्या कानाच्या मापाचं काहीतरी करणार आहेत म्हणे, त्या यंत्रासाठीच असेल. माझा काही उपयोग होत असेल तर मी नाही म्हणत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

निर्मातीणबाई स्वतः घरी आल्या. आमच्या घरी! लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्या घरची लिफ्ट बंद. तीन मजले चढून आल्या, धापा टाकत होत्या. पाठीची एकच खुर्ची आहे आमच्याकडे, ती मी सोडली नाही. त्यांना पलंगावर बसवलं.

गोष्ट अशी की सोमवारच्या भागात ती मामाकडे गेल्याचं सांगून टाकलं, आणि आता लोक विचारत आहेत, ती मुलगी कुठल्या मामाकडे गेली? मामाचा पत्ता द्या म्हणून चॅनेलला पत्रं आली. आता त्यांना भिंगरी परत हवी. आणि फार नामी कल्पना निघाली आहे, त्या म्हणाल्या. प्रत्येक भागात तिनं ओठांनी काहीतरी गुपित बोलायचं. वरून आवाज त्या मुलीचाच राहणार. लोकांनी ओळखून पाठवायचं, ओळखणाऱ्याला बक्षीस. "सगळीकडे तिचे फोटो लागतील. तिच्याइतकी प्रसिद्ध मुलगी नसेल."

भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाई हे सगळं सुनेला सांगत होत्या. मग मुलाला. मुलगा म्हणाला, "संधी चांगली आहे. परत मिळतेय म्हणजे..." सून म्हणाली, "तिच्या मनाला बरं वाटेल बहुतेक." बहुतेक! पोर चार पावलांवर उभी आहे आणि आमचं बहुतेक चाललं आहे.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "पालक तुम्ही आहात, आजी. मागच्या वेळीही तुम्हीच पटकन समजून घेतलंत. हो म्हणा."

मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही मला विचारलंत आणि मी हो म्हणून बसले. त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं. तो प्रश्न माझा नव्हताच. मला दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची हौस नाही. ती तिथे उभी आहे. विचारा."

बाई गोंधळल्या. भिंगरीकडे वळून त्यांनी एकेक शब्द ताणून, हातवारे करत विचारलं, "तू... येशील... ना... परत?"

"तुम्ही नेहमीसारखं बोला, मला कळतं," भिंगरी म्हणाली. "माझा आवाज ठेवणार असाल तर येईन. नाहीतर मी मामाकडेच बरी आहे."

बाईंनी लगेच माझ्याकडे मान वळवली. "काय म्हणाली ती?"

मुलगा सांगायला पुढे सरसावला. त्याला मी हातानंच बसवलं. सुनेनं तोंड उघडलं, तिच्याकडे नुसतं बघितलं. "तिला बोलता येतं," मी बाईंना म्हटलं, "आणि तुम्हाला ऐकू येतं. मग मध्ये आमचं काय काम? पुन्हा विचारा."

भिंगरीनं पुन्हा सांगितलं. या वेळी चौकट सोडून खोलीच्या मधोमध येऊन, मोठ्यानं. 'स' घसरला. तिनं तो उचलून परत नीट केला नाही, तसाच जाऊ दिला. "सगळी वाक्यं मी बोलणार. कोडी नकोत. मला खोट्या डबीशिवाय काम करायचं आहे आणि 'आँ' करणार नाही. लोकांना माझा आवाज खरा वाटला नाही तर त्यांनी मला तसं कळवावं. मी वाचेन."

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पापणी हलली नाही. मला वाटतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या तिचं काही शेवटपर्यंत ऐकत होत्या. चहा गार झाला. मग उठल्या, म्हणाल्या, "हे माझ्या एकटीच्या हातात नाही. चॅनेलला विचारावं लागेल. अवघड आहे, खोटं सांगत नाही. उद्या सकाळी फोन करते." आणि जाता जाता दारात पुन्हा मलाच, "आजी, तुम्ही असाल ना घरी?"

मी असेन. पण ते महत्त्वाचं नाही. हे पान मी उघडं ठेवून फोनजवळ ठेवते आहे, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. उद्या सकाळी घंटा वाजली की फोन भिंगरीनं उचलायचा. बापानं धावायचं नाही, आईनं 'मी सांगते तुला काय म्हणाल्या ते' म्हणायचं नाही, आणि मी खुर्चीतून उठायचं नाही. बाई पुटपुटल्या तर भिंगरीनं त्यांना सांगायचं, मोठ्यानं बोला. हो असो की नाही असो, ते तिच्या कानावर पडेल आणि उत्तर तीच देईल.